गलबतावर कोणते गाणे न्यावे?



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठून विचारले, "अहो, आपल्या गावाला एकच नदी, तीही चैत्रात आटते. इथे गलबतावरच्या गाण्याचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी व्याख्यानाच्या शेवटी देईन, म्हणजे निदान ते गृहस्थ तरी शेवटपर्यंत बसून राहतील!

घरात बसलेल्या माणसाला गाणे निवडण्याचे फारसे संकट नसते. एक आवडले नाही, दुसरे लावले. गवय्या रंगला नाही, उठून घरी आलो. समुद्रावर उठून जायला घर नसते. किनारा सुटला की बरोबर जे आणले त्यावरच महिनोन्‌महिने निर्वाह करावयाचा. पाणी मोजून घ्यायचे, धान्य मोजून घ्यायचे, तसेच गाणेही मोजून घ्यायचे. दर्यावर्दी लोकांनी ही शिदोरी कशी भरली, ती कोणी भरली आणि तिच्यावर हक्क कोणाचा होता, हे पाहू लागलो की संगीताचा इतिहास बाजूला राहून माणसांचाच इतिहास पुढे येतो. तोच आज थोडा आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रारंभ ग्रीकांच्या एका जुन्या कथेने करतो. समुद्रात एका बेटावर सायरेन नावाच्या मायाविनी राहत आणि त्यांच्या गाण्याला भुलून नाविक खडकावर आपटून मरत. ओडिसियसने आपल्या वल्हेकऱ्यांच्या कानांत मेण घातले आणि स्वतःला मात्र डोलकाठीशी बांधून घेऊन ते गाणे ऐकले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याच बेटावरून 'आर्गो' नावाचे दुसरे एक गलबत गेले, त्याची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. त्या गलबतावर ऑर्फियस हा गवई होता. त्याने मेणबिण शोधले नाही. आपली वीणा काढली आणि सायरेनांचा आवाज बुडून जाईल असे गाणे गायले. एकच माणूस भुलून पाण्यात उडी टाकून बसला, बाकीचे सुखरूप पार झाले. मला या दोन कथांतला फरक फार बोलका वाटतो. पहिल्या गलबतावर गाणे ऐकण्याचे सुख एकट्या धन्याला, आणि वल्ही मारणाऱ्यांना मेण. दुसऱ्यावर जे गाणे होते ते सर्वांचे होते. पुढच्या अडीच हजार वर्षांच्या समुद्रप्रवासात या दोन्ही तऱ्हा आपल्याला पुनःपुन्हा भेटणार आहेत.

कथा सोडून इतिहासात आलो तर अथेन्सच्या युद्धनौकांवर एक वादक नेमलेला आढळतो. त्या नौकेत १७० वल्हेकरी तीन रांगांत एकावर एक बसत. एकाचे वल्हे क्षणभर चुकले की शेजाऱ्याच्या वल्ह्यात अडकायचे आणि सारी रांग कोलमडायची. म्हणून 'ऑलोस' नावाचे, आपल्या सनईच्या कुळात शोभेल असे, जोडनळीचे वाद्य वाजवून ताल देणारा माणूस ठेवीत. रसिकतेचा येथे प्रश्नच नव्हता. सुकाणू जसे नौकेचे अंग, तसे हे वाद्यही नौकेचेच अंग.

आपल्या देशातही हे शास्त्र जुने आहे. केरळात नौकेवर म्हणावयाचे 'वंचिप्पाट्टु' हे स्वतंत्र काव्यच झाले आहे. अठराव्या शतकात रामपुरत्तु वारियर या कवीने त्रावणकोरच्या मार्तंडवर्मा महाराजांबरोबर नावेतून जाताना सुदाम्याची कथा याच वृत्तात रचली, अशी तेथली परंपरा सांगते. दरिद्री कवीने राजाला सुदाम्याची गोष्ट ऐकवावी, यातला हेतू चतुर श्रोत्यांना सांगायला नको! बंगालने तर नावेवरच्या गाण्याचे दोन वेगळे प्रकारच केले आहेत. पुष्कळ वल्हेकरी एका तालात वल्ही मारताना म्हणतात ते 'सारी' गाणे. त्यात एकाने ओळ म्हणावयाची आणि बाकीच्यांनी उचलून धरावयाची. आणि प्रवाहाबरोबर, ओहोटीबरोबर नाव आपोआप खाली चालली असताना एकटा नावाडी लांब सुरांत म्हणतो ती 'भटियाली'. 'भाटा' म्हणजे ओहोटी, त्यावरून हे नाव. भटियालीला ताल जवळजवळ नसतोच, कारण तेव्हा हातांना काम नसते. श्रोतेहो, हा भेद कृपा करून ध्यानात ठेवा. एक हातांचे गाणे आणि एक एकांताचे गाणे. समुद्रावरचे सारे संगीत या दोहोंपैकी एका घरचे असते. आणि जे या दोन्ही घरचे नसते, ते बहुधा कोणीतरी कोणावर तरी लादलेले असते.

या तिसऱ्या जातीची उदाहरणे युरोपीय लोक दूरच्या समुद्रांवर निघाले तेव्हापासून विपुल मिळतात. सर हम्फ्रे गिल्बर्ट १५८३ साली उत्तर अमेरिकेकडे निघाला तेव्हा त्याने खलाशांच्या करमणुकीसाठी आणि तिकडच्या रहिवाशांना मोह घालण्यासाठी वादक, नाचे आणि सोंगाचे लाकडी घोडेसुद्धा बरोबर घेतले होते. गिल्बर्ट स्वतः त्या सफरीवरून परत आलाच नाही. परतीच्या वाटेवर त्याचे लहानसे गलबत समुद्राने गिळले. दोनच वर्षांनी जॉन डेव्हिस ग्रीनलंडकडे गेला. त्याच्या 'सनशाइन' जहाजावर २३ माणसे होती आणि त्यांतले ४ वादक! बर्फातून वाट काढायला निघालेल्या माणसाने सहा माणसांमागे एक वाजंत्री न्यावा, हे आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर एस्किमो लोक दिसले तेव्हा डेव्हिसने याच वादकांना वाजवायला आणि खलाशांना नाचायला लावले, आणि भाषा एक अक्षराने न समजता दोन्ही पक्षांची भीती कमी झाली.

फ्रान्सिस ड्रेकचा थाट याहून मोठा. पृथ्वीप्रदक्षिणेच्या वाटेवर १५७९ साली त्याने एक स्पॅनिश जहाज पकडले. त्यावरच्या एका सरदाराने लिहून ठेवले आहे की, हा चाचा जेवायला बसला की तंतुवाद्ये वाजत असत. त्याच वर्षी तो लवंगांच्या तेर्नाते बेटावर पोहोचला. तेथला सुलतान बाबुल्ला आपल्या होडीतून भेटीस आला तेव्हा ड्रेकने वादकांना एका नावेत बसवून वाजवायला सांगितले. सुलतान इतका खूष झाला की, त्याने आपली होडी त्या नावेला बांधून घेतली आणि सुमारे घटकाभर तसाच ऐकत राहिला. मसाल्याच्या व्यापारासाठी जो करार व्हायचा होता त्याच्या आधीचे हे मंगलाचरण. इंग्रजांचा या बाजूचा व्यापार पुढे कोणत्या थरावर गेला ते आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. पण त्याची नांदी अशी तंतुवाद्यांवर झाली होती.

सगळीकडे मात्र हे साधले नाही. १८ डिसेंबर १६४२ रोजी डच नाविक आबेल तास्मान न्यूझीलंडच्या एका उपसागरात नांगर टाकून उभा होता. संध्याकाळी माओरी लोक होड्यांतून जवळ आले आणि त्यांनी शिंगासारखे एक वाद्य पुनःपुन्हा फुंकले. तास्मानला वाटले, हे आपले स्वागत; परतफेड केलीच पाहिजे. त्याने आपल्या माणसांना तुतारी वाजवायला सांगितली. बराच वेळ अशी जुगलबंदी चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी माओरींनी डचांच्या एका लहान होडीवर चाल केली आणि चार खलाशी प्राणाला मुकले. ते फुंकणे म्हणजे युद्धाचे आव्हान होते आणि डचांनी तुतारीने ते नकळत स्वीकारले, असा अभ्यासकांचा तर्क आहे. संगीत ही विश्वाची भाषा आहे असे आपण सभासंमेलनांतून सहज बोलून जातो. तसे बोलण्यापूर्वी या चार माणसांची आठवण ठेवलेली बरी.

लादलेल्या संगीताची दुसरी तऱ्हा हुकमाची. कॅप्टन कुकच्या हाताखाली तयार झालेला विल्यम ब्लाय १७८७ साली 'बाउंटी' जहाज घेऊन ताहितीकडे निघाला. माणसे महिनोन्‌महिने कोंडली की त्यांचे रक्त बिघडते, अंग हालले पाहिजे, हे तो जाणून होता. म्हणून त्याने मायकल बर्न नावाचा जवळजवळ आंधळा फिडलवादक मुद्दाम नेमला आणि रोज संध्याकाळी खलाशांनी नाचलेच पाहिजे असा नियम घातला. हेतू चांगलाच होता. पण १७८८ च्या ऑक्टोबरात दोन खलाशांनी नाचण्यास नकार दिला तेव्हा ब्लायने त्यांची रोजची दारू बंद केली. पुढे २८ एप्रिल १७८९ रोजी त्या जहाजावर जगप्रसिद्ध बंड झाले. फिडलमुळे बंड झाले असे मी म्हणत नाही. त्याची कारणे पुष्कळ होती. परंतु आरोग्यासाठी, हुकमाने, शिक्षेच्या धाकाखाली आनंद करा असे सांगणाऱ्या माणसाला आपल्या लोकांच्या मनात काय चालले आहे हे कळत नव्हते, एवढे त्यातून नक्की दिसते. बिचारा बर्न १७९२ साली लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला आणि निर्दोष सुटला.

याच काळातली याहून भयंकर गोष्ट गुलामांच्या जहाजांवरची. अलेक्झांडर फाल्कनब्रिज हा अशा जहाजांवर वैद्य म्हणून गेला होता; १७८८ साली त्याने जे पाहिले ते छापून प्रसिद्ध केले. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचा माल खराब होऊ नये म्हणून त्यांना वर आणून नाचायला लावीत. ढोल वाजे, पायांत बेड्या असत, आणि जो मनापासून नाचणार नाही त्याच्या पाठीवर चाबूक बसे. त्यांना गायलाही सांगत. आणि ते जे गात ते बहुधा आपल्या सुटलेल्या मुलखाबद्दलचे विलाप असत, असे तो लिहितो. ज्यांचे सर्वस्व हिरावून घेतले होते त्यांच्याकडे निवडण्यासारखी एकच वस्तू राहिली होती, ती म्हणजे हुकमाने गाताना कोणते गाणे गायचे. त्यांनी तेवढी निवड केली. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार कायद्याने बंद केला. फाल्कनब्रिजसारख्यांच्या साक्षींचा त्यात वाटा होता.

आता मी हातांच्या गाण्याकडे येतो. एकोणिसाव्या शतकात व्यापारी शिडाच्या जहाजांवर, विशेषतः १८३० नंतरच्या पन्नाससाठ वर्षांत, जी कामाची गाणी बहराला आली त्यांना इंग्रजीत 'शँटी' म्हणतात. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर कामाच्या वेळी गाण्याला मनाई होती. तेथे माणसेही पुष्कळ असत आणि ताल धरायला फिडल किंवा बासरी असे. व्यापारी जहाजाच्या मालकाला मात्र माणसे कमी ठेवायची असत. एक चांगले गाणे दहा माणसांचे काम करते, ही म्हण तेथली. ज्या मालकाने दहा माणसांचा पगार वाचवला त्याने गाण्याला अधिक पगार दिला, असे मात्र नाही!

या गाण्यांचे शास्त्र पाहण्यासारखे आहे. शीड वर चढवायचे म्हणजे डोलकाठीवरची आडवी परबाण, तिच्या सगळ्या वजनासकट, दोराने ओढून वर न्यायची. हे काम झटक्याझटक्याने होते. म्हणून त्याचे गाणे असे असे की, म्होरक्या एक ओळ एकटा म्हणे, तेवढ्यात बाकीचे दम घेत. मग सर्व मिळून धृपद म्हणत आणि त्या धृपदात ठरावीक दोन शब्दांवर दोन हिसके देत. नांगर उचलायचा तर गोष्ट वेगळी. तेथे उभ्या रहाटाला आडवे दांडे लावून माणसे गोल गोल चालत राहत. झटका नाही, विसावा नाही. म्हणून त्याला चालण्याच्या लयीचे लांबलचक, कथा सांगणारे गाणे. पंपाने पाणी उपसायचे तर तासन्‌तास पुरेल असे तिसरे. शीड चढवताना नांगराचे गाणे म्हटले तर शीड चढत नाही, इतके हे रोकडे संगीत होते.

तरीसुद्धा नुसता ताल जुळून भागत नसे. रिचर्ड हेन्री डेना नावाचा अमेरिकन विद्यार्थी डोळे बिघडल्यामुळे शिक्षण सोडून १८३४ साली साधा खलाशी म्हणून जहाजावर गेला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्याने कातड्यांचा माल वाहिला आणि १८४० साली आपले अनुभव पुस्तकरूपाने दिले. जहाजाच्या पोटात कातडी दाबून बसवताना कप्प्यांवरचे दोर ओढण्याचे जे जीवघेणे काम असे, त्याचे वर्णन करताना त्याने एक मोठी मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. कधी कधी एकामागून एक दोनतीन गाणी म्हणून पाहिली तरी दोर तसूभर हलत नसे. मग कोणीतरी नवे गाणे सुरू करी, ते त्या क्षणीच्या मनःस्थितीला अचूक भिडे, आणि तेच हात, तोच दोर, एका दमात शेवटपर्यंत ओढला जाई. हलक्या कामाला चालणारी गाणी निराळी आणि निकडीच्या प्रसंगी काढायची ठेवणीतली निराळी, हेही तो सांगतो. श्रोतेहो, कोणते गाणे निवडावे या प्रश्नाचे इतके सच्चे उत्तर मला कोणत्याही संगीतशास्त्राच्या ग्रंथात मिळाले नाही. बळ दंडांतच असते, पण त्याला बाहेर बोलवावे लागते. आणि ते कोणत्या हाकेला ओ देईल हे माणसांच्या मनाची पारख असलेल्या म्होरक्यालाच कळते.

ही पारख कोठून आली? इंग्लंड-आयर्लंडच्या लोकगीतांतून काही आली; पण फार मोठा भाग कृष्णवर्णीय मजुरांचा आहे. मोबिल, न्यू ऑर्लिन्स अशा बंदरांत कापसाचे गठ्ठे जहाजात स्क्रू फिरवून दाबून बसवीत, तेव्हा मजुरांच्या टोळ्या गात. एकाने म्हणावयाचे आणि सर्वांनी उत्तर द्यायचे, ही घडण आफ्रिकेच्या परंपरेतली. ज्यांच्या पूर्वजांना जहाजावर चाबकाखाली नाचवले, त्यांनीच जगभरच्या जहाजांना गायला शिकवले.

आणखी एक सवलत या गाण्यात होती. एरवी कप्तानापुढे ब्र काढला तर शिक्षा. पण दोर ओढताना गाण्याच्या ओळीत अन्न कुजके आहे, मालक कंजूष आहे, कप्तान कसाई आहे, हे खुशाल म्हणावे आणि कप्तानाने ऐकून न ऐकल्यासारखे करावे. आमच्या भगिनींना हे समजावून सांगायला नको. पहाटे जात्यावर बसलेली सासुरवाशीण जे ओवीत म्हणे ते तिला दिवसा उजेडी सासूसमोर बोलता आले असते काय? जात्याचा खुंटा हातात आहे तोवर जीभ मोकळी. दळण संपले की पदर डोक्यावर आणि तोंड बंद. ओवी आणि शँटी या दोघी सात समुद्रांच्या अंतरावर वाढल्या, परंतु जन्मल्या एकाच गरजेतून.

दोघींचा शेवटही एकाच तऱ्हेने झाला. जात्याला पिठाच्या गिरणीने घालवले, शिडाला वाफेने. वाफेचा रहाट नांगर उचलू लागला, त्याला गाण्याची गरज नव्हती. शिडाची मोठी व्यापारी जहाजे कमी होत गेली. इंग्लंडचे शेवटचे असे जहाज 'गार्थपूल' १९२९ साली केप व्हर्दी बेटांजवळ फुटले. त्यावर गाणी सांगणारा स्टॅन ह्यूगिल हा तरुण खलाशी वाचला, आणि पुढे १९६१ साली त्याने शेकडो शँटी गोळा करून मोठा संग्रह प्रसिद्ध केला. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हे कार्य थोर आहे. पण कोणाला वाटेल की, मी गिरणीवर आणि वाफेवर रुसलो आहे, तर तसे नाही. गाणे गोड होते म्हणून कष्टही गोड होते असे मानण्याची चूक ज्यांनी कधी दळले नाही तेच करतात. गेले ते दळण परत यावे असे कोणतीही आजी म्हणणार नाही. तिला चुकल्यासारखे वाटते ते एवढेच की, कष्ट गेले तशी बोलण्याची ती मोकळी जागाही गेली.

अरबी समुद्राच्या पलीकडच्या तीराचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही, कारण त्याचा मुंबईशी सख्खा संबंध आहे. बहारीन-कुवेतकडची मोती काढणारी गलबते उन्हाळ्यात चार महिने समुद्रावर असत. त्यांवर 'नह्हाम' नावाचा गवई मुद्दाम नेमलेला असे. नांगर ओढणे, वल्ही मारणे, शीड चढवणे, प्रत्येकाचे गाणे वेगळे. आणि रात्री विसाव्याच्या वेळी मातीचे मडके, ढोल नि टाळ्या यांच्या साथीने होणारे 'फिजिरी' वेगळे. ही गाणी जिनांनी शिकवली अशी तिकडची दंतकथा आहे. त्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई. पाणबुडे मात्र बहुधा कर्जात बुडालेले असत. मोती वर येई, माणूस वर येत नसे. १९३० च्या सुमारास जपानी कृत्रिम पैदाशीच्या मोत्यांनी हा धंदा बसवला, आणि १९३२ साली बहारीनला तेल लागले. धंदा गेला, गाणे उरले. २०२१ साली युनेस्कोने फिजिरीची नोंद मानवजातीच्या वारशात केली.

वाफेच्या जहाजांनी कामाचे गाणे घालवले, तसे ऐकण्याचे गाणे आणले. आता जहाजावर गाणारे आणि ऐकणारे असे दोन वर्ग झाले. 'टायटॅनिक'वर ८ वादक होते. कंपनीच्या छापील यादीत साडेतीनशेच्या आसपास चिजा क्रमांकवार दिलेल्या. उतारूने क्रमांक सांगावा आणि वादकाने ती चीज वाजवावी, अशी रीत होती. निवड उतारूची, बोटे वादकाची! १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे जहाज बुडू लागले तेव्हा ही यादी कोणी उघडली नसेल. वॉलेस हार्टली आणि त्याचे सात सोबती लोकांचा धीर सुटू नये म्हणून वाजवत राहिले. आठांतला एकही वाचला नाही. शेवटची धून कोणती होती यावर वाचलेल्यांचे एकमत झाले नाही आणि वाद अजून मिटलेला नाही. तो न मिटला तरी चालेल. त्या रात्री काय वाजवायचे ते प्रथमच वादकांनी स्वतः ठरवले होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांतल्या एका तरुणाच्या वडिलांकडे, मुलगा बुडाल्यावर थोड्याच दिवसांत, त्याच्या गणवेशाच्या खर्चाचे बिल आले. आणि हार्टलीचे ते व्हायोलिन २०१३ साली लिलावात नऊ लाख पौंडांना विकले गेले. वादकाची किंमत आणि वाद्याची किंमत यांतले हे अंतर आपणच मोजावे.

तीनच वर्षांनी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात दुसरे एक जहाज अडकले, शॅकल्टनचे 'एन्ड्युरन्स'. १९१५ च्या ऑक्टोबरात बर्फाच्या दाबाने ते चिरडले गेले. सर्वांनी बर्फावर उतरून चालत निघावयाचे होते. प्रत्येकाने खाजगी सामान दोन पौंडांवर नेऊ नये असा शॅकल्टनने हुकूम दिला आणि आपली सोन्याची नाणी सर्वांदेखत बर्फावर फेकून दिली. मात्र हवामानतज्ज्ञ लेनर्ड हसी याचा बँजो, ज्याचे वजन बारा पौंड सांगतात, तो त्याने स्वतः परत आणवला. मनाचे औषध म्हणून त्याची गरज पडेल असे त्याचे म्हणणे होते. हसीला येत होत्या त्या मोजक्याच चाली. पण एलिफंट बेटावर उलट्या घातलेल्या दोन होड्यांखाली २२ माणसे चार महिन्यांहून अधिक काळ सुटकेची वाट पाहत राहिली, तेव्हा दर शनिवारी तोच बँजो आणि त्याच चाली. कप्तानाच्या नि मालकाच्या शिव्या देणारी पदे तेथेही रचली गेली. ३० ऑगस्ट १९१६ रोजी सर्वच्या सर्व २२ जण सुटले. जहाज २०२२ च्या मार्चमध्ये सुमारे तीन हजार मीटर खोलीवर सापडले. बँजो ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. ब्लायनेही वाद्य नेले आणि शॅकल्टननेही नेले. एकाने नाचण्याचा हुकूम केला, दुसऱ्याने आपले सोने टाकून वाद्याला जागा केली. माणसांनी दोघांना काय दिले ते इतिहासात नमूद आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या मुंबईपासून सुरू होते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण अधिकारी येथे असताना त्याने सागवानाची एक लहान शिडाची नौका मुंबईच्या सुतारांकडून बांधून घेतली. नाव ठेवले 'सुहेली'. इराणी आखातातल्या एका वाऱ्याचे हे अरबी नाव. १९६८ साली, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत इंग्लंडात जाहीर झाली. नऊजण निघाले. त्यांत नायजेल टेटली हा आरमारी अधिकारी होता. त्याला 'म्यूझिक फॉर प्लेझर' या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीचा आश्रय मिळाला होता. तेव्हा त्याच्या 'व्हिक्ट्रेस' नौकेवर उत्तम ध्वनियंत्रे आणि भरपूर निवडक संगीत. आजवर एकट्या खलाशाला न मिळालेली चैन त्याला मिळाली: वादळ ओसरल्यावर मनाला येईल ती सिंफनी लावावी. जवळजवळ सारी पृथ्वी फिरून तो परत आला. पण मागून दुसरा एक स्पर्धक झपाट्याने येत आहे अशा खोट्या बातम्यांवर विसंबून त्याने जीर्ण नौका हाकली, आणि २१ मे १९६९ रोजी घर हजारबाराशे मैलांवर असताना ती बुडाली. तो वाचला, नौका आणि संगीत दोन्ही तळाला गेले.

नॉक्स-जॉन्स्टनचे संदेश पाठवण्याचे यंत्र वाटेतच बंद पडले होते. न्यूझीलंड सोडल्यावर महिनोन्‌महिने तो जिवंत आहे की नाही हे कोणाला ठाऊक नव्हते. त्या नाताळच्या आदल्या रात्री दक्षिण पॅसिफिकमध्ये, जवळ चिटपाखरू नसताना, तो थोडी व्हिस्की घेऊन केबिनच्या टपावर बसला आणि तासाहून अधिक वेळ मोठ्याने नाताळची गीते गात राहिला. जिथे शब्द आठवले नाहीत तिथे आठवत असलेलेच पुन्हा म्हटले, असे त्याने लिहिले आहे. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, मुंबईच्या सागवानाची ती नौका इंग्लंडला लागली. नवांपैकी ती एकटीच. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याने, खोट्या बातम्या पाठवून शेवटी समुद्रातच नाहीशा झालेल्या स्पर्धकाच्या, डोनाल्ड क्राउहर्स्टच्या, कुटुंबाला देऊन टाकले.

यावरून यंत्रातले संगीत बुडवते आणि गळ्यातले तारते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. टेटलीला वादळाने आणि खोट्या बातमीने बुडवले, संगीताने नव्हे. उलट, त्या एकांतात सुरांनी त्याला किती सोबत केली असेल याचा हेवा वाटतो. मला एवढेच दिसते की, यंत्र बंद पडल्यावर, यादी भिजल्यावर, म्होरक्या नसताना माणसाजवळ जे उरते तेच त्याचे खरे सामान. नॉक्स-जॉन्स्टनजवळ लहानपणी चर्चमध्ये दहाजणांबरोबर म्हटलेली गीते उरली होती. तो एकटा गात होता खरा, पण गाणी एकट्याची नव्हती. २०२० च्या डिसेंबरअखेरीस, साथीच्या दिवसांत, नेथन इव्हान्स या स्कॉटिश पोस्टमनने व्हेलच्या शिकाऱ्यांचे एक जुने गीत एकट्याने म्हणून प्रसिद्ध केले, आणि घरोघर कोंडलेल्या अनोळखी माणसांनी आपापल्या खोलीतून त्यात आपला सूर मिळवला. त्यांच्यापुढे दोर नव्हता, शीड नव्हते. तरी तिथेही एकाने ओळ म्हटली आणि बाकीच्यांनी उचलली.

आता आरंभी भेटलेल्या स्नेह्यांचा प्रश्न. ते अजून बसले आहेत, मी पाहतो आहे. या गावात गलबत नाही, मान्य. पण आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात हव्या त्या गाण्याची यादी आहे आणि कानांत नळी घालून ज्याचे त्याने ऐकावे अशी सोय आहे. ओडिसियसला डोलकाठीशी बांधून घ्यावे लागले. आपल्याला तेवढेही कष्ट नाहीत. ही सोय मी नाकारीत नाही. मीही ती वापरतो. फक्त घरी गेल्यावर एकदा आठवून पहावे की, शब्द न चुकता, यंत्राशिवाय, दुसऱ्यांबरोबर म्हणता येतील अशी किती गाणी आपल्याजवळ आहेत, आणि त्यांतली किती आपण नातवंडांना दिली. घरात आजी असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करावी. पाणी कधी वाढेल ते सांगता येत नाही; शिदोरी किनाऱ्यावर असतानाच भरावी लागते.